पिवळ्या दिव्याचं लग्न

हळदीचे पाट मांडून झाले, बायका जमायला लागल्या, तेव्हा कुठे ताराचंदने तोंड उघडलं. साक्षगंधाच्या, साखरपुड्याच्या दिवशी जे सांगायला हवं होतं, ते त्याने लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं. ताकसांड्यांच्या घरात ही काही नवी गोष्ट नव्हती. वावराच्या जागेवर लग्नाचं लॉन करायचं ठरलं, तेव्हाही या थोरल्या भावाला आपली हरकत आठवली ती जेसीबी दारात येऊन उभा राहिल्यावर.

"रुपेश, इवायाचा, हंसराजभाऊचा फोन आलता," तो म्हणाला. "उद्याच्या वरातीत डीजे आहे."

रुपेश खुर्च्यांना पांढरी कव्हरं चढवत होता. हातातलं कव्हर तसंच अर्ध्यावर राहिलं.

"कोनता डीजे?"

"नागपूरचा. गाडीवरचा. मोठा."

"अन् तू का सांगतलं त्याईले?"

ताराचंदने एक खुर्ची उचलून रुपेशपुढे सरकवली. जिल्हा परिषदेत उभी नोकरी त्याने फाइल पुढच्या टेबलावर सरकवण्यात काढली होती. ही फाइलही त्याने सरकवत सरकवत इथवर आणली होती. आता पुढे टेबलच नव्हतं.

"दादा, नोटीस वाचून दाखवली होती ना मी तुले?" रुपेशचा आवाज चढला. "तुह्यासमोर वाचली होती. चष्मा लावून आयकत होता तू!"

नोटिशीचं प्रकरण मागच्या उन्हाळ्यातलं. कुठल्याशा वरातीने फाटकाशी असा धुमाकूळ घातला, की भिंतीपलीकडे नलूच्या घरातली भांडी फळीवरून खाली आली. कोणीतरी पोलिसांना फोन केला. गाडी आली, पंचनामा झाला, आणि रुपेशच्या हातात कागद पडला: पुन्हा तक्रार आली तर लॉनची परवानगी रद्द. तेव्हापासून स्टेजच्या खांबावर आवाज मोजणारा एक डबा बसला होता. आवाज बेताचा असला की हिरवा दिवा, वाढला की पिवळा, हद्द झाली की लाल. लाल दिवा जरा टिकला, की स्टेजची लाइन धाडकन बंद. वर्गात मास्तर शिरला की पोरं गप होतात, तशी वऱ्हाडं गप व्हायला लागली, म्हणून घरादाराने त्या डब्याचं नावच मास्तर ठेवलं. बाहेरची गाडी आणि बाहेरचं जनरेटर लॉनच्या आसपास उभं करायचं नाही, जे काय वाजायचं ते मास्तरच्या लाइनवर, हा रुपेशचा कायदा होता. तो त्याने आमदाराच्या साळ्यालाही मोडू दिला नव्हता.

"मले का मालूम नाई?" ताराचंद म्हणाला. "पन साक्षगंधात हंसराजभाऊ म्हने, आपल्याले हुंडा नाई पायजे, आंदन नाई पायजे, मानपान नाई पायजे. निस्तं डीजेले नाई म्हनू नका. एवढा सोन्यासारखा मानूस एकच गोष्ट मांगून राह्यला, त्याले मी नाई कसा म्हनू? पोरीचा बाप आहो मी."

"अन् मी कोन आहो? पोरीचा काका आहो का निस्ता चौकीदार?"

"अबे, चिडू नोको. आयक. गाडी फाटकाच्या बाहेर उभी करू. त्याईचं जनरेटर, त्याईचा आवाज. तुह्या मास्तरचा काई संबंध नाई. अन् नलूच्या घरी आपन दोघं जाऊ, हात जोडू. मागच्या साली तक्रार तिनंच केलती ना? तिनं नाई केली त कोनाले का समजते? एका दिवसाचा त प्रश्न आहे."

रुपेशला हसावं की रडावं कळेना. वर्षभर त्याने नलूच्या दाराकडे बघितलं नव्हतं. पिढ्यान् पिढ्या त्या भिंतीवरून भाजीच्या वाट्या इकडून तिकडे जात. त्या बंद झाल्या. हळदीचं बोलावणंही गेलं नव्हतं. आणि आता तिच्यापुढे हात जोडायचे, ते कशासाठी, तर तिची भांडी पुन्हा पाडायला परवानगी द्या म्हणून.

मेघा, रुपेशची बायको, चुलीपाशी बसून हे सगळं ऐकत होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती ताराचंदशी, आपल्या भासऱ्याशी, समोरासमोर बोलली नव्हती. तिला कोणी मनाई केली नव्हती. ताराचंद म्हणायचाच, "अवो, बोलत जा ना, मी का खाऊन राह्यलो?" पण सवय ती सवय. जे सांगायचं ते ती सासूला सांगे आणि सासूच्या खांद्यावरून ते भासऱ्यापर्यंत पोचे.

"आई," ती तानाबाईला म्हणाली, "सांगा त्याईले. वावर गेलं. मातीवर फरशी पडली. आता तिथी तूर उगवत नाई का कापूस उगवत नाई. लॉन गेलं त आमी खावाव का? फरशी?"

तानाबाई पाट्यावर हळद वाटत होती. मिक्सरची हळद अंगाला लागत नाही, असं तिचं शास्त्र. तिने वरवंटा थांबवला.

"नलूनं तक्रार नाई केली," ती म्हणाली.

"नाई कशी?" रुपेश म्हणाला. "मंग कोनं केली?"

"म्या."

रुपेश हातातलं कव्हर टाकून आईसमोर आला.

"तू? तुले फोन लावता येते?"

"काऊन नाई येत? मयुरीनं शिकवलं होतं. आजी, रात्री-बेरात्री काई झालं त एकशे बारा दाबजो. म्या दाबला. बाई मोठी चांगली बोलली माह्यासंग."

"आई, पाटीवर तुहं नाव आहे! तानाबाई लॉन! अन् तूच?"

"म्हूनच त!" म्हातारी उसळली. "पाटीवर माहं नाव, अन् माह्या नावानं नलूच्या नातवाचे कान फुटाव? नुकतं बारसं झालेलं लेकरू. रडून रडून निळं पडे. नलू त्याले घेऊन दारात उभी, अन् मले म्हने, काकू, तुमच्या घरी मंगल कार्य आहे, आमी कसं बोलाव? ते बोलली नाई म्हून म्या बोलली. अन् तू बावळटा, सालभर तिच्यावर रुसून बसला! म्या सांगत होती, आयकून तरी घेतलं का? आई, तू मधात बोलू नोको, आई, तू मधात बोलू नोको. घे, नाई बोलली मधात!"

कडुलिंबाखाली बाजेवर पडलेले रुपेशचे वडील, नानाजी, डोळे मिटून हसत होते. त्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. पण संसारात कधी गप बसावं एवढं त्यांना कळत होतं.

"अन् उद्या ते गाडी आली," तानाबाईने वरवंटा पुन्हा हातात घेतला, "त उद्याही दाबीन. मयुरी माही लाडाची नात आहे, पन दाबीन."

ताराचंदने बसकण मारली. रुपेशला आई, बायको, सगळ्या एका बाजूला दिसत होत्या आणि या वेळी ती बाजू त्याचीच होती. हे त्याला इतकं नवीन होतं, की आनंद करायचंही सुचेना.

तेवढ्यात मेघा उठली, पदराला हात पुसत सरळ ताराचंदसमोर जाऊन उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली, "तुमाले नाई म्हनाचं भेव वाटते, हे आमी समजू शकतो. पन त्या भेवापायी आमचं घर नोका बुडवू."

ताराचंदने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. इतक्या वर्षांनी भावजय बोलली, आणि ती हे बोलली. त्याला फार लागलं. लागण्यासारखंच होतं.

*

मयुरी दारामागे होती. नवरीने असल्या बोलण्यात पडू नये म्हणून आई, भावना, तिचा दंड धरून उभी होती.

"सोड ना आई."

"कुठी चालली?"

"फोन कराले."

"अवो, उद्या लग्न आहे तुहं! आज भांडतं का त्याच्यासंग?"

"आज नाई बोलली त आयुष्यभर बाबासारखी करीन मी. सोड."

भावनाने हात सोडला. नवऱ्याचा स्वभाव तिच्याइतका कोणी भोगला नव्हता.

नवरदेव रत्नदीप तलाठी होता. पवनारला घर, शेती, एकुलता एक. त्याने फोन उचलला तेव्हा मागे त्याच्याही हळदीचा गलका चालला होता. मयुरीने एका दमात सगळं सांगितलं. मास्तर, नोटीस, नलूचा नातू, आजीचा एकशे बारा. 

"आयकून राह्यले ना?"

"हाव."

"मंग बोला ना. तुमच्या आईले त ऐकूही येत नाई. आमच्या घरी आता सगळे हेच म्हनून राह्यले, का इहीनबाईले ऐकूच येत नाई, त या लोकायले डीजेचा एवढा हट्ट कायले?"

"आईसाठीच आहे डीजे," रत्नदीप म्हणाला.

मयुरी उंबरठ्यावर टेकली.

"मी लहान होतो तवा तिले ताप आलता. त्याच्यात कान गेले. पहिले लय गाये म्हने ती, वावरात निंदता निंदता. नंतर गानं म्हून काई राह्यलंच नाई. मंग माह्या चुलतभावाचं, सचिनचं लग्न झालं. डीजेच्या स्पीकरच्या डब्यापाशी आई उभी होती. एकाएकी छातीवर हात ठेवला अन् म्हने, इथी वाजून राह्यलं! अन् नाचली, मयुरी. आमच्यापैकी कोनंच तिले नाचताना पाह्यलं नव्हतं. बाबा कोपऱ्यात जाऊन रडले. तवाच ठरवलं त्याईनं, पोट्ट्याच्या लग्नात दुसरं काई नाई झालं तरी चालते, डीजे पायजे."

"मले काऊन नाई सांगतलं हे?"

"बाबा म्हने, लोकायले सांगू नोको. हसतेत लोकं. बहिरीले डीजे, म्हनतेत."

आम्हीही तेच म्हणालो की, मयुरीला वाटलं. शब्द थोडे वेगळे, एवढंच. तिचा चेहरा हळद लागायच्या आधीच पिवळा पडला होता. डीजेला नाही म्हणणं आता सोपं राहिलं नव्हतं. मघापर्यंत तिला वाटत होतं की हा पुरुषांच्या फुशारकीचा प्रश्न आहे. फुशारकीशी भांडता येतं. या गोष्टीशी कसं भांडणार?

"मी सांगते तुमाले," ती म्हणाली. "मले थोडा वेळ द्या."

*

हळद लागायची वेळ झाली. भिंतीपलीकडे रुपेश स्वतः गेला. नलू अंगणात लसूण सोलत होती. तो उभा राहिला, घसा खाकरला, पुन्हा खाकरला.

"नलूवहिनी, हळदीले चला."

"सुचलं का?" नलू म्हणाली. "मी त साडी काढून ठेवली होती सकाळपासून. म्हटलं, काकू त धाडनच कोनाले तरी." आणि आत जाऊन पाच मिनिटांत तयार होऊन आली. जाताना वाटीभर वडी घ्यायलाही विसरली नाही. वर्षभराचा अबोला तिने असा मोडला, जसा तो कधी नव्हताच. रुपेशला मात्र दोन शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

स्टेजवर बायकांनी लॉनचाच एक स्पीकरचा डबा लावला होता. गाणी भीमजयंतीची, नाच हळदीचा. मास्तर हिरव्यावर होता. मधूनच एखादी मावशी खिदळली की पिवळा व्हायचा आणि बायका एकमेकींच्या तोंडावर हात ठेवायच्या. मयुरी पाटावर बसली होती, ओल्या हळदीने माखलेली, पाय पुढे पसरून. टाचा स्टेजच्या लाकडी पाट्यांवर टेकल्या होत्या.

कोणीतरी नाचताना डब्याचा लोखंडी स्टँड पाडला. रुपेशने धावत येऊन डबा सावरला आणि पुन्हा पडायला नको म्हणून तसाच पाट्यांवर ठेवला. मयुरीच्या टाचेत काहीतरी शिरलं. तिने पाय उचलला, तर गेलं. पुन्हा टेकवला, तर आलं. धम्, धम्, धम्. आवाज तेवढाच होता, पण तो आता पायातून येत होता.

"काका! वाढवू नका! तसंच राहू द्या!"

ती पाटावरून उठली, हळदीचे हात पाट्यांवर टेकवले, मग गुडघ्यांवर बसली. बायकांना वाटलं पोरीला भोवळ आली. भावना पाणी घेऊन धावली.

"काका, चपला काढा. चढा वर. कानात बोटं घाला."

"आँ?"

"घाला ना!"

रुपेशने कानात बोटं घातली. आधी त्याच्या चेहऱ्यावर पुतणीला वेड लागल्याचा संशय होता. मग तो संशय हळूहळू वितळला.

"अवो माय!" तो ओरडला. कानात बोटं असल्यामुळे जरा जास्तच ओरडला. "हे त पिंढऱ्यायतून चढून राह्यलं!"

त्याच्या ओरडण्याने मास्तर लाल झाला. पण गाण्याने झाला नव्हता. गाणं सगळा वेळ हिरव्या-पिवळ्यातच होतं.

मयुरीने त्याला सगळं सांगितलं. सासूचं, जयाबाईंचं गाणं, ताप, छातीवरचा हात. रुपेश तिथेच पाट्यांवर मांडी घालून बसला आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मग एकदम कामाला लागला. "डीजेवाल्याचे मोठे डबे मांगव. ढमढमवाले. दोनच. बाकी गाडी नोको. ते डबे आडवे टाकू पाट्यायवर, तोंड खालतं करून. वरतून कमी आयकू येईन, खालून जास्ती लागन. लाइन मास्तरची."

राहिलं एकच काम. मयुरीने हळदीच्याच हाताने फोन लावला आणि वडिलांपुढे धरला.

"मी कायले?" ताराचंद म्हणाला. "तूच सांग ना जावायाले. तुमचं त जमते बोलनं."

"जावायाले नाई. हंसराजबाबाले. हे तुमीच सांगाचं, बाबा."

फोनमधून "हॅलो, हॅलो" येत होतं. ताराचंदने सगळ्यांकडे पाहिलं. आई वरवंट्याशी, भाऊ डब्याशी, भावजय सरळ त्याच्याकडे बघत. सरकवायला एकही टेबल नव्हतं. त्याने फोन घेतला.

"हंसराजभाऊ, माह्याकडून चुकी झाली," तो म्हणाला. मग एकेक करून सगळं सांगितलं. लाकडी पाट्यांचंही सांगितलं.

 हंसराज एवढंच म्हणाला, "पाहू," आणि फोन ठेवून दिला.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुपेश फाटकाशी उभा राहून कान टवकारत होता. ऊन उतरलं होतं. सगळं वऱ्हाड बुद्धविहारापाशी उतरणार आणि तिथून वाजतगाजत लॉनवर येणार, असा बेत ठरलेला. मोठी गाडी आली, तर ती दिसायच्या आधी खिडक्यांच्या काचा सांगणार होत्या. तो काचांकडे बघत होता. हात फाटकाच्या कडीवर होता. कडी लावायची वेळ आली तर पुतणीची वरात आपण आपल्या हाताने अडवणार, आणि नाही लावली तर आपलं लॉन गेलं. रात्रभर त्याने हेच उलटंपालटं केलं होतं.

"पत्रिकेवर सहा लिहिलं होतं," नानाजी पांढरं धोतर सावरत म्हणाले. "छप्पन सालापासून आपल्यात मुहूर्त नाई. तवापासून आपली वरात कधी टाइमावर आली नाई."

"नानाजी, थांबा जरा. आयकू द्या."

पण ऐकण्यासारखं काही नव्हतंच. वरात आली ती चपलांच्या आवाजाने आली. पुढे पोरं विनागाण्याची, बळेबळे नाचत होती आणि एकमेकांना हसत होती. मागे रत्नदीप. त्याच्यामागे एक छोटं पिकअप, त्यात ताडपत्रीखाली दोन काळे डबे. आणि सगळ्यांत पुढे हंसराज, कोरा सदरा, तोंड घट्ट मिटलेलं.

रुपेशचा हात कडीवरून खाली आला. ताराचंद फुलांचा हार घेऊन पुढे झाला. हंसराजने हार घालून घेतला, पण हात सोडला नाही.

"ताराचंदभाऊ, एक विचारतो. मले नाई म्हनाले तुमाले एवढं भेव काऊन वाटलं?"

"पोरीचा बाप आहो ना, हंसराजभाऊ."

"अन् मी पोराचा बाप आहो म्हून का वाघ आहो? आपल्यात हे कवापासून आलं? याच्यासाठी सोडलं का आपल्या बुढ्यायनं ते सगळं?"

ताराचंदच्या डोळ्यांत पाणी आलं. हंसराजने त्याला छातीशी धरलं. पण मान वळवून तो मागे बायकोकडे बघत होता.

जयाबाई वऱ्हाडात चालत होत्या. जांभळी साडी, केसांत गजरा. त्यांना सगळं दिसत होतं, पोरं नाचताना दिसत होती. त्यांनी छातीवर हात ठेवून पाहिला. तिथे काही नव्हतं. त्यांनी हात काढला, थोड्या वेळाने पुन्हा ठेवला. नवऱ्याने घरून निघताना हातवारे करून काहीतरी सांगितलं होतं, डबे, लाकूड, पाय. त्यांना एवढंच समजलं होतं की डीजे नाही. त्या समजूतदार बाई होत्या. त्यांनी तोंड हसरं ठेवलं होतं.

वंदना झाली. नानाजींनी त्रिसरण, पंचशील म्हटलं आणि सगळ्यांनी त्यांच्यामागून म्हटलं. मास्तर तेवढ्यापुरता पिवळा झाला आणि पुन्हा हिरवा. पांढऱ्या साडीतल्या मयुरीने रत्नदीपच्या गळ्यात हार घातला. टाळ्या, फुलं, फोटो.

मग मयुरी स्टेजवरून खाली उतरली. फोटोवाला "मॅडम, मॅडम" करत राहिला. पहिल्या रांगेत बसलेल्या सासूसमोर ती खाली बसली आणि त्यांच्या पायांतल्या चपला काढायला लागली.

"अवो, हे का करतं?" जयाबाई म्हणाल्या. आपला आवाज किती चढतो ते त्यांना कळत नसे. मागच्या चार रांगांनी माना उंचावून पाहिलं.

मयुरीने त्यांचा हात धरला. दुसरीकडून तानाबाईने धरला. दोघींनी त्यांना वर नेलं आणि पाट्यांच्या मधोमध उभं केलं. रुपेशने मान हलवली. डबे सुरू झाले.

जयाबाईंना आधी वाटलं, पायाला मुंग्या आल्या. मग मुंग्या ठेका धरायला लागल्या. टाचेतून घोट्यात, घोट्यातून गुडघ्यात, धम्, धम्, आणि मधेच एक अडखळ, आणि पुन्हा धम्. सचिनच्या लग्नात छातीवर बुक्के बसल्यासारखं झालं होतं. हे तसं नव्हतं. हे खालून, मातीतून आल्यासारखं येत होतं. वावरात निंदताना त्या गायच्या, तेव्हा ठेका पायांनीच धरायच्या. ते त्यांना आत्ता आठवलं.

"हाव!" त्या ओरडल्या. "हाव, हाव! वाजून राह्यलं! रत्नदीप! अरे, कोनतं गानं आहे हे? कोनतं गानं आहे, सांग ना!"

मास्तर लाल झाला.

"आई, हळू," रत्नदीप हातांनी खुणा करत म्हणाला, पण त्याला हसू आवरेना आणि रडूही.

"हळू कायले? कोनतं गानं आहे!"

लाल दिवा टिकला. धाडकन स्टेजची लाइन गेली. डबे मुके झाले. 

जयाबाईंचे पाय थांबले. त्यांनी खाली पाट्यांकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. चेहरा लहान मुलीसारखा झाला.

"बंद काऊन केलं?" त्या म्हणाल्या.

रुपेश लाइन पुन्हा लावायला धावला. पण त्याच्या आधी तानाबाईने नऊवारीचा काठ वर खोचला, उजवा पाय उचलला आणि पाट्यांवर आपटला. धम्. पुन्हा आपटला. धम्. मयुरीने पाहिलं आणि पाय उचलला. मेघा चढली. नलू नातवाला काखेत घेऊन चढली. भावना चढली. हंसराजने चपला भिरकावल्या आणि इवायाचा हात ओढून त्यालाही वर घेतलं. ताराचंदचा ठेका चुकत होता, पण पाय पडत होता. तोंडाने कोणीच बोलत नव्हतं. सगळ्या बाया, सगळे बाप्ये नुसते अनवाणी पाय आपटत होते, आणि मास्तर पिवळ्यावर स्थिर होता.

रुपेशचा हात बटणापाशी गेला होता. मेघाने वरून त्याला डोळ्यांनीच "राहू द्या" म्हटलं. त्याने हात मागे घेतला.

जयाबाईंच्या पायांत ते पुन्हा चढलं. घोटे, गुडघे, कंबर. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात वर केले आणि नाचायला लागल्या.

"झालं चालू!" त्या आनंदाने म्हणाल्या. "झालं ना चालू!"

डबे बंदच होते. हे त्यांना कोणीही सांगितलं नाही.